माणशी चार पैसे

मार्च २०२३ मध्ये हैदराबादला लागून असलेल्या सायबराबादच्या पोलिसांनी एक टोळी पकडली. तिच्याकडे ना शस्त्रं सापडली, ना चोरीचं सोनं. सापडल्या त्या याद्या. सुमारे १६ कोटी ८० लाख लोकांची माहिती या मंडळींनी नीट वर्गवारी लावून संगणकात भरून ठेवली होती. सरकारी नोकर, डीमॅट खातेदार, क्रेडिट कार्डवाले, कर्जासाठी किंवा विम्यासाठी अर्ज केलेले लोक, विद्यार्थी असे तिचे कप्पे होते. सैन्यदलांतल्या अडीच लाखांहून जास्त जणांचे हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणंही त्यात होती. विक्रीचा भाव पोलिसांनीच सांगितला: पन्नास हजार जणांची माहिती अवघ्या दोन हजार रुपयांत. म्हणजे माणशी चार पैसे.

पुढच्या काही दिवसांतच त्याच पोलिसांनी फरिदाबादच्या एका माणसाला अटक केली. त्याच्या ताब्यात ६६ कोटी ९० लाख व्यक्ती आणि कंपन्यांच्या नोंदी होत्या. २४ राज्यं, आठ महानगरं, १०४ प्रकार. एकच माणूस अनेक याद्यांत असणार हे उघड आहे, आणि खरी भीती तिथेच आहे. एका यादीत फक्त फोन नंबर असतो, दुसरीत पगार, तिसरीत मुलाचा वर्ग, चौथीत गाडीचा क्रमांक. चारही याद्या एकाच्याच हाती पडल्या की नंबराच्या जागी एक जिताजागता माणूस उभा राहतो.

हे सगळं बाहेर जातं कुठून? कुणीतरी रात्रीतून बँकेचा संगणक फोडला, असं दर वेळी घडत नाही. बरीचशी माहिती लोकांनी आपल्या हातांनी दिलेली असते. कपड्यांच्या दुकानात बिल करताना काउंटरवरची मुलगी ‘नंबर सांगा’ म्हणते. मागे रांग असते, वाद कोण घालणार, म्हणून नंबर सांगितला जातो. मॉलच्या दारात बक्षिसाची गाडी उभी असते आणि नाव, पत्ता, जन्मतारीख, उत्पन्न लिहिलेली चिठ्ठी पेटीत पडते. क्लासच्या मोफत मार्गदर्शनाला जायचं तर मुलाची टक्केवारी आणि वडिलांचा व्यवसाय लिहून द्यावा लागतो. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर आधार, पॅन, सातबारा पाठवून प्रिंट काढली जाते. प्रिंट घरी येते, फाइल त्याच्या फोनमध्ये राहते. यातला कुणी चोर असेलच असं नाही. पण एखादा पैशाला भुललेला नोकर, भंगारात विकलेला जुना संगणक किंवा काम संपल्यावर यादी घेऊन गेलेला कंत्राटदार एवढं पुरेसं होतं.

मोठ्या संस्थांची कथा याहून फार वेगळी नाही. मे २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील डार्क वेबवर मांडला गेला, तोही कुणालाही शोधता यावा अशा सोयीने. मोबाइल नंबर टाकला की त्या नंबरावरून कोणत्या पत्त्यांवर काय मागवलं ते समोर येई. पैशांच्या व्यवहाराची माहिती सुरक्षित असल्याचं कंपनीने सांगितलं, पण पत्ते तर बाहेर पडलेच होते. पिझ्झा कुठला खाल्ला हे कळल्याने काय बिघडलं, असं वाटू शकतं. पाठलाग करणाऱ्याला चुकवून जिने घर बदललं आहे, नंबर मात्र तोच ठेवला आहे, तिला हा प्रश्न विचारून पाहावा. त्याच महिन्यात एअर इंडियाने जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचं जाहीर केलं. तिच्यात पासपोर्टचे तपशील होते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचे वैद्यकीय अहवाल टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याचं रॉयटर्सने दाखवून दिलं. कार्डाचा क्रमांक बँक बदलून देते. निदान झालेला आजार कुणी बदलून देऊ शकत नाही.

‘आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. तो प्रामाणिक असतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नव्वदच्या दशकात घडलेली एक गोष्ट त्यासाठी उपयोगी पडते. तिथल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम पाहणाऱ्या संस्थेने संशोधनासाठी दवाखान्यांच्या नोंदी खुल्या केल्या. नाव, पत्ता, ओळख क्रमांक सगळं आधी पुसून टाकलं होतं. कुणाचीही ओळख उघड होणार नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली. तेव्हा एमआयटीत शिकत असलेल्या लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली. वेल्ड त्याच शहरात राहत. त्यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडातला एकच. दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्यावर गव्हर्नरांचे आजार आणि औषधं तिच्या हातात आली. ती तिने त्यांच्याच कार्यालयाकडे पाठवून दिली. पुढे तिने जनगणनेचे आकडे तपासून दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्याजोगी आहेत.

आपल्याकडची मतदार यादी काढून पाहावी. मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, घर क्रमांक हे सगळं त्यात असतं आणि ती यादी राजकीय पक्षांना मिळते. लोकशाहीला तशी यादी लागते, ती उघड असण्यालाही कारण आहे. पण माणशी चार पैशांत मिळणारी दुसरी यादी तिच्याशेजारी ठेवली की काय होईल, हे वेगळं सांगायला नको. ‘नावाशिवाय माहिती घेतो’ या आश्वासनावर म्हणूनच विसंबता येत नाही.

भारतात या जोडाजोडीचा सर्वांत क्रूर नमुना दिसला तो अंगठ्याच्या ठशांत. जमीन किंवा घराचा दस्त नोंदवताना अंगठा द्यावाच लागतो. २०१८ मध्ये हैदराबाद पोलिसांनी तेलंगणातल्या एका मोबाइल सिम विक्रेत्याला पकडलं. त्याने नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या ठशांच्या रबरी प्रतिकृती बनवल्या आणि त्या वापरून दुसऱ्यांच्या नावावर हजारो सिमकार्डं सुरू केली. सिम विक्रीचं टार्गेट गाठणं एवढाच त्याचा हेतू होता. पुढे याच मार्गाने लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढले जाऊ लागले. आधारवर चालणारी पैसे काढण्याची जी सोय आहे, तिला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. गावातल्या वृद्धेला तालुक्याच्या बँकेपर्यंत जावं लागू नये म्हणून ती सोय केली आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण त्याच दस्तावर आधार क्रमांकही छापलेला असला तर चोराला दोन गोष्टी एकाच कागदावर मिळतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. खबरदारी म्हणून २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचाच आहे का, हे तपासणारी यंत्रणा आधार प्राधिकरणाने आणली.

आपली माहिती एकट्या आपलीच नसते, हे कर्जाच्या अॅपांनी सर्वांत वाईट रीतीने दाखवलं. करोनाच्या वर्षात कामं गेली, हातात पैसा नव्हता, आणि पाच मिनिटांत पाच हजार रुपये देणारी अॅपं फोनवर आली. कागद नाही, जामीन नाही. फक्त कॉन्टॅक्ट, फोटो आणि लोकेशन यांची परवानगी. ती परवानगी हेच तारण होतं. सात-आठ दिवसांत हप्ता चुकला की वसुलीवाले कर्जदाराला सोडून त्याच्या फोनबुकातल्या लोकांना फोन करत. साहेबांना, मुलीच्या सासऱ्यांना, शाळेतल्या बाईंना. ‘हा माणूस चोर आहे’ असे संदेश जात. गॅलरीतल्या फोटोंवरून बनवलेली अश्लील चित्रं नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडत. डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणात या छळापायी झालेल्या आत्महत्या देशभर गाजल्या. मे २०२२ मध्ये मुंबईत मालाडच्या एका नोकरदाराने असाच जीव गमावला.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये अभ्यासगट नेमला. भारतातल्या अँड्रॉइड फोनवर मिळणारी सुमारे ११०० कर्ज अॅपं या गटाने पाहिली. त्यांतली ६०० बेकायदा निघाली. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आले: कर्ज देणाऱ्या अॅपला फोनबुक, कॉल लॉग, फोटो आणि फाइली यांना हात लावता येणार नाही, कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त ओळख पटवण्यापुरतं, एकदाच आणि परवानगीने. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या दुकानातल्या कर्ज अॅपांना कॉन्टॅक्ट आणि फोटो घेण्याची मनाई केली. हे नियम चांगले आहेत. लिंक पाठवून बाहेरून टाकायला लावलेल्या अॅपाला मात्र ते ठाऊकही नसतात. म्हणून एक गोष्ट प्रत्येकाने मनाशी बांधावी. फोनबुकाची परवानगी देणारा माणूस आपलं काही देत नसतो. तो शेकडो लोकांचे नंबर त्यांना न विचारता देत असतो. त्यांत कुणाची तरी म्हातारी आई असते.

त्या आईला फोन येतो तो ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे तोतया पोलिसाने व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचा. पडद्यावर खाकी वर्दी, मागे ठाण्याचा फलक, आवाजात जरब. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, खात्यातून काळा पैसा फिरला आहे. शिकलेली, आयुष्यभर मोठ्या हुद्द्यांवर राहिलेली माणसं यात फसली, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. त्यात मूर्खपणा नाही. समोरचा माणूस पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे, कधी मुलगा कुठल्या कंपनीत आहे हेही बिनचूक सांगतो, आणि एवढं ठाऊक असलेला माणूस खरा अधिकारीच असणार, असं कुणालाही वाटेल. भीती दाखवण्यासाठी लागणारं भांडवल म्हणजे ती चार पैशांची नोंद. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं. त्या एका वर्षात सर्व तऱ्हेच्या सायबर फसवणुकीत भारतीयांनी २२,८०० कोटी रुपयांहून जास्त गमावले, असं केंद्रीय गृह खात्याने संसदेत सांगितलं. आधीच्या वर्षीच्या तिप्पट.

या सगळ्यात कायदा कुठे होता? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ऐंशी ओलांडलेल्या वयात, २०१२ साली, आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, अशी भूमिका सरकारने त्या खटल्यात घेतली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला: हक्क आहे, आणि तो जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०१८ मध्ये, आधार योजना न्यायालयाने कायम ठेवली, पण खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. बँक खातं किंवा मोबाइल क्रमांक आधारला जोडण्याची सक्तीही गेली. तरीही आज किती दुकानं, हॉटेलं, सोसायट्या ‘आधार लागेल’ म्हणतात, ते रोज दिसतंच.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, असं पत्रक काढलं. दोनच दिवसांत केंद्र सरकारने ते मागे घेतलं. चुकीचा अर्थ काढला जाईल, हे कारण दिलं. सल्ला चांगला होता. तो मागे घेतला नसता तर कितीतरी झेरॉक्सच्या प्रती आज हॉटेलांच्या खणांत पडल्या नसत्या.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यात घेण्यासारखं बरंच आहे. कोणती माहिती, कशासाठी हे साध्या भाषेत सांगितल्याशिवाय ती घेता येणार नाही. दिलेली संमती मागे घेता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल, माहिती पुसायला सांगता येईल. ती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावं लागेल. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागेल. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली एक रुपयाही मिळत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचं जे कलम होतं, तेही वगळण्याची तजवीज यात आहे. सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकारही राखून ठेवला आहे. नागरिकांची सर्वाधिक माहिती सरकारपाशीच असते, त्यामुळे ही सूट फार मोठी आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यातही याच निमित्ताने बदल झाला आणि वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करून उत्तर नाकारणं सोपं झालं. नागरिक उघडा आणि कारभार झाकलेला, अशी ही रचना आहे. ती दुरुस्त व्हायला हवी, आणि त्यासाठी संसदेत आणि न्यायालयात भांडावं लागेल.

तोवर घराघरांत करता येण्याजोगं बरंच आहे. आधी आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं. आधार प्राधिकरणाच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर ते होतं, पैसे पडत नाहीत, आणि गरजेला थोड्या वेळापुरतं उघडता येतं. अंगठा लावून रेशन किंवा पेन्शन घेणाऱ्या आई-वडिलांचं लॉक करण्याआधी मात्र त्यांच्याशी बोलावं, नाहीतर दुकानातून त्यांना रिकाम्या हाती परतावं लागेल. हॉटेलात किंवा भाडेकरारासाठी शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं. झेरॉक्सवर ती कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली, हे आडवं लिहावं. तीच प्रत दुसऱ्या कामाला वापरणं त्यामुळे अवघड होतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, आणि अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो.

दुकानात नंबर न देणं हा ग्राहकाचा हक्क आहे. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, अशी अडवणूक करता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक खात्याने मे २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे. एवढं शांतपणे सांगितलं की बिल होतं. ज्यांना जमेल त्यांनी बँक आणि ओटीपीसाठी एक नंबर आणि बाकी जगासाठी दुसरा ठेवावा. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते; टॉर्चच्या अॅपला लोकेशन आणि गेमला फोनबुक कशाला हवं, याचं उत्तर मिळेना तर परवानगी काढून घ्यावी. झेरॉक्सच्या दुकानात फाइल आपल्यासमोर पुसायला सांगावी. मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो वाढदिवसाच्या तारखेसह फेसबुकवर टाकला की त्याचं नाव, शाळा आणि जन्मतारीख एकाच ठिकाणी मिळते. तो घरच्या चार माणसांना पाठवला तरी आनंद तेवढाच असतो. आणि फसवणूक झालीच तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी चोराच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त.

नव्या कायद्यातली एक तरतूद मराठी वाचकांच्या खास कामाची आहे. माहिती घेण्याआधी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने द्यायची आहे. त्या भाषांत मराठी आहे. बँकेचं अॅप असो, दवाखान्याचा फॉर्म असो की मुलाच्या क्लासचा, तरतूद लागू झाल्यावर ती सूचना मराठीत मागा, पूर्ण वाचा आणि मगच सही करा.